निजामाचा मोटारखाना आणि गंज

काचीगुडा रेल्वे स्थानकाची घुमटांची इमारत मागे टाकून बरकतपुऱ्याच्या रस्त्याला लागावे, नारायणगुडा ओलांडावा, की पायी चालणारा माणूस तासाभराच्या आत किंग कोठीच्या जुन्या भिंतींपाशी पोहोचतो. हैदराबादच्या या पट्ट्यात मराठी घरांची वस्ती अनेक पिढ्यांची आहे. नारायणगुड्यातील केशव मेमोरियल शाळा केशवराव कोरटकर यांचे नाव सांगते. सुलतान बाजाराकडील विवेक वर्धिनी ही संस्था १९०७ पासून मराठी मुलांना शिकवीत आली. या वस्तीचे आणि किंग कोठीत राहणाऱ्या राज्यकर्त्याचे नाते मात्र कधीच सरळ नव्हते. तो राज्यकर्ता म्हणजे हैदराबादचे सातवे आणि शेवटचे सत्ताधारी निजाम, मीर उस्मान अली खान.

त्यांच्या संपत्तीविषयी, कंजूषपणाविषयी आणि राजकारणाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या मोटारखान्याकडे मात्र गंमत म्हणूनच पाहिले जाते. १९६७ मध्ये ते वारले तेव्हा राजवाड्याच्या मोटारखान्यात साठेक मोटारी होत्या आणि त्यांपैकी अवघ्या चार चालू स्थितीत होत्या, असे नमूद आहे. या साठ मोटारींच्या पेट्रोल आणि सुट्या भागांवर वर्षाला ९० हजार डॉलर खर्ची पडत होते. हैदराबादला समुद्र नाही. सर्वांत जवळचा किनारा अडीचशे किलोमीटरहून दूर आहे. तिथे हिमवर्षाव होत नाही, त्यामुळे रस्त्यावर मीठ टाकण्याचा प्रश्नच नाही. खारा वारा नाही, खारे पाणी नाही, पैशाची ददात नाही. तरीही मोटारी गेल्या. त्या कशा गेल्या हे समजून घेणे मिरामारच्या वाऱ्यात किंवा वास्कोच्या धक्क्याजवळ गाडी उभी करणाऱ्या गोमंतकीयाला उपयोगाचे आहे.

उस्मान अली खान यांचा जन्म ६ एप्रिल १८८६ रोजी हैदराबादच्या पुरानी हवेलीत झाला. वडील सहावे निजाम मीर महबूब अली खान उधळ्या हाताचे आणि हौशी होते. उंची कपडे, शिकार, घोडे यांची त्यांना आवड होती. मुलगा नेमका उलट निघाला. वयाच्या तेराव्या वर्षी तो किंग कोठीत राहावयास गेला. ही वास्तू मूळ कमाल खान नावाच्या सरदाराची. दारे-खिडक्यांवर त्याच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरे, दोन के, कोरलेली होती. वास्तू राजघराण्याकडे आली तेव्हा ती अक्षरे खरवडून काढण्याऐवजी त्यांना जुळेल असे किंग कोठी हे नाव देण्यात आले, अशी कथा हैदराबादेत सांगतात. कथा खरी असो वा नसो, पुढे त्या वास्तूत राहिलेल्या माणसाच्या स्वभावाला ती शोभते. जे आहे ते तसेच ठेवावे, मोडू नये, बदलू नये, टाकूनही देऊ नये, हा त्या घराचा शिरस्ता झाला. गादीवर आल्यानंतरही ते चौमहल्ला राजवाड्यात राहावयास गेले नाहीत.

महबूब अली खान यांनी अखेरच्या काळात इंग्लंडातून एक रोल्स-रॉइस मागविली होती. सिल्व्हर घोस्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मालिकेतील ही मोटार. तिचा वरचा सांगाडा लंडनच्या बार्कर कंपनीने बांधला. रंग पिवळा, आणि मागच्या बाजूस सिंहासनासारखे उंच आसन. ती हैदराबादेत पोहोचण्यापूर्वीच २९ ऑगस्ट १९११ रोजी महबूब अली खान यांचे निधन झाले. मोटार आणि राज्य दोन्ही पंचवीस वर्षांच्या मुलाच्या हाती आली. राज्य चालले, मोटार फारशी चाललीच नाही. समारंभापुरती ती बाहेर काढली जाई आणि पुन्हा आत ठेवली जाई. अनेक दशकांनंतर तिच्यावरील मापकात जेमतेम साडेतीनशे मैलांच्या आसपासचा आकडा आढळला. पणजीहून मुंबईला रस्त्याने एकदा जाण्याइतकेच हे अंतर. एका राजाच्या दिमाखासाठी बनलेली, जगातील उत्तम कारागिरांनी घडविलेली ही गाडी आयुष्यभर उभी राहिली.

मीर उस्मान अली खान आळशी राज्यकर्ते नव्हते. १९०८ च्या सप्टेंबरात मुसी नदीच्या पुराने शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त केला होता. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी सुचविलेल्या उपायांवर या निजामांच्या काळात काम झाले. उस्मान सागर १९२० मध्ये आणि हिमायत सागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. १९१२ मध्ये शहर सुधार मंडळ स्थापन झाले. उच्च न्यायालय, उस्मानिया रुग्णालय, काचीगुडा स्थानक या इमारती त्याच राजवटीत उभ्या राहिल्या. १९१८ मध्ये उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारत प्रकल्पाला निजामांनी साहाय्य दिले. तेथील अतिथिगृहाला आजही त्यांचे नाव आहे.

या कामांतील एक काम मोटारींशी थेट संबंधित होते. जून १९३२ मध्ये निजाम सरकारच्या रेल्वेने रस्ते वाहतूक विभाग सुरू केला. २७ बस आणि १६६ कर्मचारी एवढाच तेव्हा त्याचा पसारा होता. पुढे या विभागातूनच आंध्र आणि तेलंगणाची राज्य परिवहन सेवा वाढली. बसच्या क्रमांकात येणारे झेड हे अक्षर निजामांच्या मातोश्री जहरा बेगम यांच्या नावावरून आले, असे हैदराबादेत सर्रास सांगितले जाते. त्या काळातील एक आल्बियन बस परिवहन मंडळाने अजून जपून ठेविली आहे. बसला कोणी सिंहासन बसविले नव्हते. पण तिला रोज सकाळी आगारातून बाहेर पडावे लागे आणि रात्री परतल्यावर कोणीतरी तिचे चाक, तेल, पत्रा पाही. एखादी बस सकाळी सुटली नाही, तर त्याचा जाब विचारला जाई. किंग कोठीतील मोटार सहा महिने सुटली नाही तरी कोणाला काही विचारले जात नव्हते.

निजामांनी मोटारी किती घेतल्या याविषयी आख्यायिकाच अधिक. रस्त्याने जाणारी एखादी देखणी गाडी नजरेत भरली, की ती भेट म्हणून स्वीकारण्यात आनंद वाटेल असा निरोप मालकाकडे जाई आणि गाडी किंग कोठीत येई, असे सांगतात. स्वतः निजाम मात्र जुन्या, खिळखिळ्या गाडीतून फिरत. कपडे साधे, टोपी जुनी. २२ फेब्रुवारी १९३७ च्या अंकात अमेरिकेच्या टाइम साप्ताहिकाने जगातील सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून त्यांचे चित्र मुखपृष्ठावर छापले. १८४ कॅरटहून अधिक वजनाचा जेकब हिरा वडिलांच्या बुटाच्या टोकात सापडला आणि मुलाने तो कागदावर ठेवण्याचे वजन म्हणून वापरला, ही कथा तर सर्वतोमुखी आहे. हिऱ्याला असे वापरता येते, सोन्याला पेटीत ठेवून विसरता येते. लोखंडाला मात्र तसे करून चालत नाही. किंग कोठीत सोन्याला आणि लोखंडाला एकच न्याय लावला गेला, तिथेच चूक झाली.

गंज म्हणजे लोखंडाचे पाणी आणि प्राणवायू यांच्याशी होणारे संयुग. यांपैकी एकही घटक नसेल तर गंज धरत नाही. कोरड्या हवेत लोखंड वर्षानुवर्षे टिकते. हवेतील आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली आणि पत्र्यावर धूळ किंवा क्षार असले, की डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पातळ पापुद्रा तयार होतो आणि काम सुरू होते. मीठ स्वतः लोखंड खात नाही. ते पाण्याला विजेचे वाहक बनविते, पृष्ठभागावरील संरक्षक थर फोडते आणि हवेतला ओलावा धरून ठेवते. म्हणून मिठाच्या सान्निध्यात जे दोन पावसाळ्यांत घडते, ते मिठाविना घडावयास कदाचित दहा पावसाळे लागतील. पण घडल्यावाचून राहत नाही. ॲल्युमिनियमवर चढणारा थर घट्ट बसतो आणि आतल्या धातूला वाचवितो. लोखंडाचा गंज मात्र फुगतो, पापुद्रे सोडतो आणि खालचा नवा पत्रा पुन्हा उघडा करतो.

हैदराबादेत पावसाळ्याचे चार महिने दमट असतात. हिवाळ्यात दिवस कोरडे, पण रात्री बऱ्याच गार. धातू हवेपेक्षा लवकर थंड होतो. पहाटे त्यावर दव जमते आणि सकाळी ऊन चढल्यावर सुकते. चालत्या गाडीच्या इंजिनाची धग हे पाणी उडवून लावते. बंद मोटारखान्यात, झाकण घातलेल्या गाडीखाली ते तिथेच मुरते. त्या काळातील मोटारींचा सांगाडा बहुधा लाकडी असे आणि त्यावर पत्रे ठोकलेले असत. लाकूड ओलावा पिते आणि आतून पत्र्याला तो पुरवीत राहते. पेट्रोलची टाकी अर्धी रिकामी असेल तर तिच्या वरच्या भागात पाणी थिजते आणि टाकी आतून गंजते. जुने पेट्रोल चिकट होऊन नळ्या तुंबवते. ब्रेक जागच्या जागी धरून बसतात. टायर एकाच बाजूवर भार सोसून चपटे होतात. उंदीर आसनांतला कापूस आणि तारांवरील वेष्टन कुरतडतात. किंग कोठीच्या तळघरात उंदरांनी नोटांची पुडकी फस्त केल्याच्या कथा प्रसिद्ध आहेत. नोटा न सोडणाऱ्या उंदरांनी मोटारी सोडल्या असतील असे मानण्याचे कारण नाही.

किंग कोठीच्या बागेत सोन्याच्या विटा भरलेल्या मालमोटारी उभ्या होत्या आणि त्यांची चाके मातीत रुतून बसली होती, असे सत्तांतराच्या काळाविषयी लिहिले गेले आहे. त्यात अतिशयोक्ती किती हे बाजूला ठेवले तरी चित्र बोलके आहे. वर ठेवलेल्या सोन्याला काही होत नाही; त्याला उचलून नेणारे लोखंड मात्र खालून संपत जाते, आणि वेळ येते तेव्हा सोने हलवता येत नाही.

निजामांना राखणे हे निव्वळ साठविणे वाटत होते असेही म्हणता येत नाही. अजिंठ्याची लेणी त्यांच्या राज्यात होती. १९१४ मध्ये राज्याचे पुरातत्त्व खाते स्थापन झाले आणि गुलाम यझदानी यांच्याकडे त्याची धुरा आली. १९२० ते १९२२ या काळात इटलीहून तज्ज्ञ बोलावून अजिंठ्याची भित्तिचित्रे वाचविण्याचे काम करण्यात आले. निखळू पाहणारा गिलावा त्यांनी पक्का केला. तेवढ्याने पुष्कळ चित्रे वाचली. पण चित्रांवर लाखेच्या रोगणाचा जो हात देण्यात आला, तो कालांतराने पिवळा पडला. धूळ आणि धूर त्याखाली अडकून राहिले, आणि पुढच्या पिढ्यांना चित्रांवरून ते रोगणच काळजीपूर्वक काढावे लागले. हेतू चांगला, पैसा पुरेसा, तज्ज्ञ नावाजलेले. तरी लेप म्हणजे रक्षण नव्हे, हे त्या भिंतींनी दाखवून दिले. लेपाखाली काय राहिले आहे आणि लेपावर पुढे कोण लक्ष ठेवणार आहे, यावर त्याचे यश ठरते.

मोटारीच्या पत्र्यालाही हाच नियम लागू आहे. गंजलेल्या भागावर रंग चढविला किंवा तळाला काळा डांबरी थर मारला, की डोळ्यांना समाधान मिळते. आत अडकलेला ओलावा मात्र निवांतपणे आपले काम करीत राहतो, आणि भोक पडेपर्यंत कोणाला सुगावा लागत नाही.

निजामांच्या राजवटीवरही असाच एक लेप होता. सुमारे ८२ हजार चौरस मैलांच्या त्या राज्यात तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी प्रजा होती. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे मराठी जिल्हे त्यातच येत. या प्रजेला आपल्या भाषेत शिकण्याची, सभा भरविण्याची आणि राज्यकारभारात बोलण्याची मोकळीक फारशी नव्हती. १९३८ मध्ये सत्याग्रह झाला. विद्यार्थी वंदे मातरम् म्हटल्याबद्दल बाहेर काढले गेले. स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सहकारी तुरुंगात गेले. वरून राज्य झळझळीत दिसत होते. स्वतःचे नाणे, स्वतःची रेल्वे, स्वतःचे टपाल. सांध्यांत मात्र गंज धरला होता आणि तो साफ करण्याची तयारी दरबारात नव्हती.

१९४७ मध्ये ब्रिटिश निघाले आणि निजामांनी स्वतंत्र राहण्याचा विचार केला. तेव्हा समुद्र नसणे ही त्यांची मोठी अडचण ठरली. चारही बाजूंनी भारताने वेढलेल्या राज्याला बंदर हवे होते, आणि ते त्यांनी शोधले गोव्यात. मुरगाव बंदर किंवा गोवाच पोर्तुगिजांकडून मिळविण्यासाठी निजामांच्या बाजूने वाटाघाटींचे प्रयत्न झाले. हाती काही लागले नाही. गोमंतकीयांचे भवितव्य त्यांना न विचारता एका राजवाड्यातून दुसऱ्या राजधानीकडे सरकविण्याचा हा विचार होता, याची आठवण गोव्याच्या इतिहासात राहावयास हवी. ज्या खाऱ्या वाऱ्यापासून मुरगावचे लोक आपल्या होड्या, पत्रे आणि गाड्या जपतात, तो वारा विकत घेण्याची किंग कोठीची तयारी होती. घरातल्या कोरड्या हवेत मोटारी सांभाळणे मात्र तिला जमले नव्हते.

कासिम रझवी यांच्या रझाकारांनी त्या वर्षभरात मराठवाड्यातील आणि तेलंगणातील गावांवर जे अत्याचार केले, त्यांची झळ बरकतपुरा आणि नारायणगुड्यातील घरांपर्यंत पोहोचली. गावे सोडून आलेले नातेवाईक, तुरुंगातील मुलगे, बंद पडलेल्या शाळा. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याची कारवाई सुरू झाली आणि १७ सप्टेंबरला निजामांनी शरणागती पत्करली. गोव्याला त्यानंतर तेरा वर्षे थांबावे लागले.

२६ जानेवारी १९५० पासून ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत निजाम हैदराबाद राज्याचे राजप्रमुख होते. नंतर राज्याचीच भाषेनुसार वाटणी झाली आणि मराठी जिल्हे मुंबई राज्यात आले. सत्ता गेली, संपत्ती आणि आश्रित उरले. दागदागिन्यांसाठी आणि धर्मादायासाठी त्यांनी विश्वस्त निधी केले. हा निर्णय दूरदृष्टीचा ठरला. दागिन्यांवर कोणाची तरी लेखी जबाबदारी आली, यादी झाली, कुलपे मोजली गेली. म्हणूनच १९९५ मध्ये भारत सरकारला त्यांतील १७३ दागिने २१८ कोटी रुपयांना घेता आले आणि ते आज देशाचे आहेत. मोटारींसाठी असा निधी नव्हता, यादी नव्हती, जबाबदार माणूसही नव्हता. माणसे होती, आणि ती हजारोंनी होती. काम कोणाचे, हे ठरलेले नव्हते.

१९६५ च्या युद्धाच्या वर्षी निजामांनी राष्ट्रीय संरक्षण सुवर्ण रोख्यांत ४२५ किलो सोने गुंतविले. लोककथेने त्याचे पाच टनांचे दान केले. कथेचा शेवट असा सांगतात, की सोने दिले आहे, पेट्या दिलेल्या नाहीत, म्हणून त्या लोखंडी पेट्या परत पाठवाव्यात असा निरोप निजामांनी धाडला. सोन्याचा आकडा कथेने फुगविला. पेट्यांची गोष्टही तशीच असेल. तरी ऐकणाऱ्याला ती खरी वाटते, कारण लोखंडाचा तुकडाही हातचा जाऊ नये असा तो स्वभाव होता. हातचे जाऊ न देणे आणि हातचे नीट ठेवणे यांत मात्र फार अंतर आहे.

२४ फेब्रुवारी १९६७ रोजी किंग कोठीतच त्यांचे निधन झाले. अंत्ययात्रेला लोटलेला जनसमुदाय हैदराबादेत आजवर आठवला जातो. किंग कोठीसमोरील जुदी मशिदीत, मातोश्रींच्या शेजारी त्यांना दफन करण्यात आले. ६ एप्रिल १९६७ रोजी नातू मुकर्रम जाह यांचा गादीवर येण्याचा सोहळा चौमहल्ल्यात झाला. साठ मोटारींपैकी चार चालत होत्या. त्यातलीही नव्या निजामांना घेऊन निघालेली मोटार वाटेत बंद पडली, असे नोंदले गेले आहे. विशेष हे, की मुकर्रम जाह यांना यंत्रांची मनापासून आवड होती. इंजिन उघडून हात काळे करण्यात त्यांना दरबारापेक्षा अधिक रस वाटे. पण साठ गाड्यांचा गंज एका माणसाच्या हौसेने निघत नाही. खटले, कर आणि वारसांची भांडणे यांना कंटाळून पुढे ते ऑस्ट्रेलियाला निघून गेले. मोटारखाना पांगला.

पिवळी रोल्स-रॉइस मात्र वाचली. चौमहल्ला राजवाड्याच्या जीर्णोद्धाराचे काम या शतकाच्या आरंभी राजकन्या एसरा यांच्या पुढाकाराने झाले. २०१० मध्ये त्याला युनेस्कोचा वारसा जतन पुरस्कारही मिळाला. त्याच काळात ही मोटार नीट दुरुस्त होऊन राजवाड्यात प्रदर्शनासाठी ठेवण्यात आली. तिचा रंग आज चकचकीत आहे. शंभर वर्षांत ती जितकी चालली नाही, तितके तास तिच्यावर कारागिरांचे हात फिरले असतील. जे काम दर महिन्याला अर्ध्या तासाचे होते, ते साचून काही वर्षांचे झाले.

थंडीच्या दिवसांत बर्फाच्या देशांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा हिशेब सक्तीने शिकावा लागतो. कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात. चाकांनी उडालेले ते खारे पाणी गाडीच्या पोटाला चिकटते. तिथले जाणते लोक हिवाळ्यापूर्वी तळाला तेलाचा किंवा मेणाचा हात देतात आणि हिवाळाभर गाडीचे पोट गोड्या पाण्याने धूत राहतात. मिठाने माखलेली गाडी न धुता उबदार गॅरेजात उभी केली तर ती बाहेरच्या थंडीपेक्षा तिथे लवकर गंजते, हेही त्यांना अनुभवाने कळते. कारण गोठलेले पाणी निष्क्रिय असते. वितळलेले खारे पाणी नसते.

गोव्यात बर्फ नाही, पण मीठ वर्षभर हवेतून येते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात. ते बऱ्याच कोरड्या हवेतूनही ओलावा ओढून घेतात. त्यामुळे पावसाळा संपला की गंज थांबला असे होत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दवाच्या पहाटा किनाऱ्यालगत उभ्या गाड्यांना पावसाइतक्याच बाधतात. आजच्या मोटारींच्या अनेक पत्र्यांवर जस्ताचा थर असतो. जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचविते. सांगाडाही रंगाच्या कुंडात बुडवून विजेच्या साह्याने रंगविला जातो. त्यामुळे काम पुष्कळ सोपे झाले आहे, संपलेले नाही. समुद्रकिनाऱ्यावरून आल्यावर गाडीचे पोट आणि चाकांच्या कमानी गोड्या पाण्याने धुणे, दारांच्या खालच्या कडेची पाणी निथळण्याची छिद्रे काडीने मोकळी ठेवणे, दगडाने उडालेला रंगाचा टवका त्याच आठवड्यात बुजविणे, आतील पायपोस उचलून खालची ओल पाहणे, थर मारावयाचा असेल तर आधी गंज खरवडून पत्रा कोरडा करणे. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर प्लॅस्टिकऐवजी हवा खेळती ठेवणारे सुती आच्छादन घालावे, टाकी भरलेली ठेवावी आणि पंधरवड्यातून एकदा कोणीतरी ती खरोखर चालवून आणावी. नुसते इंजिन पाच मिनिटे सुरू ठेवून बंद केले तर धुराड्यात पाणी साचते आणि ते आतून सडते.

गोव्यात घरे बंद आणि मालक परदेशी, ही स्थिती अनेक वाड्यांवर आहे. दारात झाकलेली मोटार, चुलत्याकडे दिलेली किल्ली, आणि वर्षातून एकदा तीन आठवड्यांसाठी येणारा मुलगा. घरमालक गाडी विकत नाही, कारण ती वडिलांची असते. वापरीत नाही, कारण तो इथे नसतो. चुलत्याला किल्ली मिळालेली असते, पण काय करावयाचे ते कोणी सांगितलेले नसते. अशा गाडीच्या आच्छादनावर खर्च करण्यापेक्षा दर पंधरवड्याचे काम एखाद्याच्या नावावर लिहून देणे आणि त्याचा मोबदला ठरविणे अधिक स्वस्त पडते. जगातील सर्वांत श्रीमंत माणसाने मोटारींवर पैसे खर्चले आणि तरी छप्पन्न मोटारी उभ्या जागी राहिल्या. त्याच्याच राज्यातील सत्तावीस बस रोज सकाळी निघत राहिल्या, कारण त्यांच्यामागे नेमून दिलेली १६६ माणसे होती.